चौकापुढचा वाद

नरपड हे डहाणूच्या उत्तरेला समुद्राला लागून वसलेले गाव. पुढे किनारा आणि सुरूची झाडे, मागे चिकूच्या वाड्या. रस्त्याने तसेच उत्तरेला गेले की चिखले, घोलवड, बोर्डी. लोहमार्ग ओलांडून पूर्वेला आत गेले की वारली पाडे लागतात, डहाणू तालुक्यातले गंजाड लागते आणि पुढे तलासरी तालुका. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्याला वारली चित्र बहुधा रंगवलेल्या कुंपणावर, साडीच्या पदरावर, पिशवीवर किंवा चहाच्या कपावर प्रथम भेटते. ज्या भिंतीसाठी ते जन्माला आले ती भिंत त्याने पाहिलेली नसते, आणि तरीही चित्र त्याला आवडते. कलाकृती समजून घेण्यातला एक जुना प्रश्न या आवडण्यातच दडलेला आहे. जे डोळ्यांना दिसते तेवढ्यावर चित्र कळते का, की ते कोणी, कुठे, कशासाठी काढले हे कळल्यावाचून आपण फक्त नक्षी पाहत असतो? आणि या दोन्हींतून जो ‘अर्थ’ निघतो असे आपण म्हणतो, तो खरा की आपणच चिकटवलेला, हे कशावरून ठरवायचे?

या प्रश्नाच्या दोन बाजू दोन माणसांच्या तोंडी घालून पाहू. एक आहेत चित्रकलेचे शिक्षक, आयुष्यभर मुलांना रेषा, आकार आणि रचना शिकवणारे. दुसऱ्या आहेत या भागाच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक. दोघांना नावे दिलेली नाहीत, कारण त्या व्यक्ती नसून बाजू आहेत. मात्र प्रत्येक बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली जावी, एवढी काळजी घेतली आहे. दोघांपुढे एकच चित्र आहे: वारली लग्नातला चौक. गेरूच्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला पांढरा चौकोन, त्याच्या कडांना नक्षीच्या एकाला एक लागून ओळी, मधोमध पालघट देवी, आणि चौकोनाच्या आतबाहेर झाडे, माणसे, प्राणी.

शिक्षक: ताई, आधी काहीही न सांगता या चित्रापुढे उभं राहा. रंग एकच आहे, पांढरा. त्याच्याखाली मातीचा रंग. म्हणजे छटा, सावली, उजेड या सगळ्या सोयी चित्रकारानं सोडून दिल्या आहेत आणि सगळा भार रेषेवर टाकला आहे. माणूस कसा काढलाय पाहा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले आहेत; वरचा म्हणजे छाती, खालचा म्हणजे कंबर. जिथं ते मिळतात तिथं शरीराचा सगळा तोल एका बिंदूवर आलेला असतो, आणि म्हणूनच ही आकृती कधी स्थिर वाटत नाही. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस वाकतो, दळतो, नाचतो. चेहऱ्यावर डोळे नाहीत, ओठ नाहीत, आणि त्यांची उणीव भासत नाही, कारण भाव अंगाच्या कलात आला आहे. क्षितिजरेषा नाही, त्यामुळे जवळचं मोठं आणि दूरचं लहान हा नियमही नाही. मधला चौकोन कडांच्या दाट नक्षीनं जड झाला आहे आणि बाहेरची झाडं मोकळी, हलकी आहेत. दाट आणि विरळ, बांधलेलं आणि सुटलेलं, यांचा हा समतोल आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वं मांडली. ती समजावून द्यायला मला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. आता सांगा, यातलं काय कळायला मला वारली समाजाचा इतिहास लागला?

अभ्यासक: सर, तुम्ही जे दाखवलंत ते सगळं चित्रात आहे, मला एकही शब्द खोडायचा नाही. पण मधली आकृती देवी आहे हे तुम्हाला डोळ्यांनी कळलं नाही, ते आधीच ठाऊक होतं. एर्विन पॅनोफस्की या कला-इतिहासकारानं 1939 मध्ये एक साधं उदाहरण दिलं होतं. रस्त्यात एक माणूस डोक्यावरची टोपी उचलतो. डोळ्यांना दिसते ती हाताची हालचाल. तो नमस्कार आहे हे कळायला तिथली रीत माहीत असावी लागते. आणि त्या रीतीतून तो माणूस, त्याचा काळ, त्याचे संस्कार कसे उमटतात हे कळायला आणखी बरंच काही. चौकाचंही तसंच आहे. हा चौक भिंत सजवायला काढलेला नाही, त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. तो सवासिनी काढतात. लग्नाचे विधी धवलेरी चालवते, तीही बाई, आणि तिच्या गाण्यांतून देवतांना बोलावलं जातं. पालघट ही अंकुरण्याची, पिकण्याची देवी. जवळच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा देव असतो. तुम्ही ज्याला बांधलेलं आणि सुटलेलं म्हणालात, ते तिथं देवतेला आणून बसवायची जागा आणि बाहेरचं जग असं वाटलेलं आहे. ‘समतोल’ या शब्दात हे मावत नाही.

इथवर दोघांत फारसा विरोध दिसत नाही. एकाने पहिली पायरी सांगितली, दुसरीने पुढची. पाठ्यपुस्तके या ठिकाणी थांबतात. आधी रूप पाहा, मग संदर्भ जाणून घ्या, मग अर्थ लावा, असा तीन पायऱ्यांचा जिना ती बांधून देतात. पण जिन्यावर एकदा वर गेले की खालच्या पायरीवर परतायचे कारण उरत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. संदर्भ हाती आला की माणूस चित्राकडे पाहणे थांबवतो. शिक्षकांचा खरा आक्षेप यालाच आहे, आणि तो हलका नाही.

शिक्षक: मग माझी शंका ऐका. पालघट कोण, धवलेरी कोण, हे सगळं मला एखाद्या पुस्तकात वाचता येईल. चित्र न पाहताही वाचता येईल. तसं असेल तर चित्र उरलं कशाला? ते त्या माहितीचं केवळ चित्ररूप ठरलं. आणि दुसरं. एकाच पाड्यात, एकाच हंगामात, त्याच विधीसाठी दहा घरांत दहा चौक निघतात. संदर्भ दहांचा एकच. पण दहातल्या एका चौकापुढं पाय थबकतो आणि बाकीच्यांपुढं थबकत नाही. हा फरक संदर्भातून कसा काढणार? जो संदर्भ चांगल्या आणि सामान्य चित्राला सारखाच लागू पडतो, तो चित्राबद्दल काही सांगत नाही, समाजाबद्दल सांगतो. समाजशास्त्र म्हणून ते मोलाचंच आहे. पण त्याला चित्र पाहणं म्हणू नका.

अभ्यासक: तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तो मी मान्य करते. पण पहिल्याला आहे. तुम्ही रूप आणि संदर्भ असे दोन डबे केलेत. मग ही रेषा कोणत्या डब्यात टाकाल? ती बांबूच्या काडीनं काढली आहे. काडीचं टोक चावून चावून त्याचा कुंचला केलेला असतो. त्यात पिठाचं पातळ पाणी फार वेळ टिकत नाही, म्हणून हात पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो. खाली कुडाची भिंत आहे, शेणमातीनं लिंपलेली. तिचा पृष्ठभाग कागदासारखा सपाट नसतो. म्हणून रेषा लांब आणि वाहती न होता आखूड तुकड्यांची होते, आणि लहानलहान तुकड्यांची पुनरावृत्ती हाच या चित्रांचा स्वभाव बनतो. तांदूळ हे इथलं पीक, तेच देवीचं देणं, आणि तिचं रूपही त्याच पिठानं काढायचं. हे रूप की संदर्भ? मला तरी सांधा सापडत नाही.

अभ्यासकांनी इथे वादाची जागा हलवली आहे आणि ती योग्य ठिकाणी हलवली आहे. रंग कशाचा, साधन कोणते, पृष्ठभाग कोणता, हे प्रश्न रूपाचेही आहेत आणि जगण्याचेही. मराठी सौंदर्यविचाराने ही अडचण फार आधी ओळखली होती. मर्ढेकर कलाकृतीच्या स्वायत्ततेच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. पुढे रा. भा. पाटणकरांनी 1974 च्या ‘सौंदर्यमीमांसे’त दाखवले की स्वायत्ततावाद आणि कलेला जगण्याशी जोडणारा लौकिकतावाद यांतला कोणताही एक पुरा पडत नाही, सौंदर्याची आपली कल्पनाच दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे. त्यांच्या विवेचनाला चौकापुढे एक व्यावहारिक रूप देता येते. दोन ध्रुव आहेत हे मान्य केले, तर त्यांच्यामधून जाण्यायेण्याचा नियम कोणता? माझे म्हणणे असे की नियम परतफेरीचा असावा. चित्राबाहेरून आणलेल्या प्रत्येक माहितीने चित्रापाशी परत यावे, आणि आधी न दिसलेले काहीतरी दाखवावे किंवा आधी चुकीचे पाहिलेले दुरुस्त करावे. हे तिला जमले तर ती अर्थाच्या कामाची. जमले नाही तर ती खरी असेल, महत्त्वाचीही असेल, पण त्या चित्राचा अर्थ म्हणून ती पुढे करू नये. तांदळाचे पीठ आणि काडी ही माहिती परतफेरीत टिकते: ती कळल्यावर आखूड रेषा निराळी दिसू लागते.

नियम मांडणे सोपे असते, त्याची परीक्षा अवघड उदाहरणावर होते. तलासरी आणि डहाणू या तालुक्यांच्या इतिहासातच असे उदाहरण आहे, आणि अभ्यासक ते टाळू शकत नाहीत.

अभ्यासक: सर, आता एक कठीण गोष्ट सांगते. या भागात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडायला त्याच्याकडे राबायचा, बहुतेकदा जन्मभर, आणि बायकोसकट. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांच्या अहवालात या गुलामगिरीची नोंद आहे. मे 1945 मध्ये तलासरीतल्या झरी गावी वारली एकत्र जमले आणि वेठीला नकार दिला. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. वारल्यांच्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. आता पुन्हा चौकाकडे पाहा. ज्या लग्नासाठी तो निघायचा, तेच लग्न किती घरांत बेडी होऊन यायचं. आणि भिंतीवर मात्र भरलेली झाडं, पीकपाणी, घोडे. हे ठाऊक असताना तुम्ही ‘दाट आणि विरळ’ म्हणून मोकळे होणार?

शिक्षक: ताई, हे ऐकून मन हेलावतं. पण मला दाखवा, चित्रात ते कुठं आहे? कोणती रेषा सावकार आहे? चौकोन म्हणजे बेडी असं उद्या कोणी लिहील, आणि लिहिणाऱ्याला दुःखाची जाण आहे म्हणून आपण मान डोलवू. त्या बायकांनी मात्र चौकोन देवीसाठी काढला. त्यांनी जे काढलं ते पुसून त्यावर आपली कणव रंगवणं हाही अन्यायच आहे.

शिक्षकांचा प्रतिप्रश्न बिनतोड आहे. लग्नगडी चौकात ‘चितारलेला’ नाही. चौकोनात तुरुंग पाहणे, पालघटीच्या पसरलेल्या हातांत आक्रोश पाहणे, हे परतफेरीच्या नियमाने बाद ठरते, कारण त्या अर्थाला आधार देणारी एकही गोष्ट रूपात नाही आणि विधीत तर त्याच्या उलट आधार आहेत. पण म्हणून अभ्यासकांनी सांगितलेला इतिहास चित्राला लागूच नाही, असे होत नाही. तो एक निराळे काम करतो: रूढ झालेला एक चुकीचा अर्थ खोडतो. वारली चित्रांबद्दल सर्रास म्हटले जाते की ती निसर्गाशी एकरूप, साध्या आणि सुखी जीवनाचे प्रतिबिंब आहेत. लग्नगड्याचा इतिहास समोर असताना हे वाक्य टिकत नाही. चौकातली समृद्धी ही घरातल्या समृद्धीची नोंद असू शकत नाही, कारण पुष्कळ घरांत ती नव्हती. मग ती काय आहे? विधीकडे पुन्हा पाहिले की उत्तर रूपातच मिळते. देवीला बोलावण्यासाठी काढलेले चित्र ‘असे आहे’ असे सांगत नसते, ते ‘असे होवो’ असे म्हणत असते. झाडे भरलेली का, चौकाच्या कडा इतक्या श्रमाने का भरलेल्या, त्यांत मोकळी जागा शिल्लक ठेवण्याची भीती असल्यासारखी दाटी का, याचा उलगडा वर्णनापेक्षा मागण्याने अधिक नीट होतो. म्हणजे संदर्भाने चित्राला नवे चिन्ह बहाल केले नाही, चित्राचे क्रियापद बदलले. रूपाने संदर्भाला अडवले आणि संदर्भाने रूपावरचा आंधळा गोडवा उतरवला. दोघांनी एकमेकांना अडवण्याचे हे कामच मला विश्लेषणाचा गाभा वाटते.

रूपही असेच फसवू शकते, हे शिक्षकांच्या बाजूला सांगणे भाग आहे. वारली चित्रकला इसवी सनापूर्वी अडीच-तीन हजार वर्षांपासून चालत आलेली आहे, असे विधान माहितीपत्रकांतून वारंवार दिसते. त्यामागचा आधार मुख्यतः साम्याचा असतो: भीमबेटकासारख्या शैलाश्रयांतली माणसे आणि वारली माणसे रेषांनी सारखी दिसतात. पण शेणमातीच्या भिंतीवर पिठाने काढलेले चित्र फार काळ टिकत नाही. भिंत पुन्हा लिंपली की ते जाते. त्यामुळे मधल्या हजारो वर्षांची साखळी जोडणारा पुरावा हाती नाही, आणि दोन ठिकाणी माणूस काटकुळ्या रेषांत काढला म्हणून त्या दोन परंपरा एक ठरत नाहीत. थोडक्या रेषांत माणूस उभा करायचा तर जगात कुठेही हात त्याच वाटेने जाऊ शकतो. साम्य हे शोधाला सुरुवात करायचे कारण आहे, तो शोधाचा निष्कर्ष नव्हे. गंमत अशी की ‘प्राचीन’ हे विशेषण गौरवासाठी लावले जाते, आणि त्याने काढणारी बाई मात्र पुसली जाते. हजारो वर्षे तेच चालू आहे असे म्हटले की या चौकात, या वर्षी, तिने काय ठरवले हा प्रश्नच उरत नाही.

तो प्रश्न जिवंत आहे हे दाखवणारा पुरावा मात्र भरपूर आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत हीच भाषा एका संदर्भातून दुसऱ्यात गेली आणि जाताना बदलली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणूच्या पाड्यांत कागद नेला. धामणगाव, तालुका तलासरी, इथे जन्मलेले आणि गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात राहिलेले जिव्या सोमा मशे विधीसाठी नव्हे तर रोज, स्वतःहून चित्रे काढू लागले होते. त्यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. कागदावर आल्यावर काय घडले ते रूपातच वाचता येते. भिंतीवर चित्राला केंद्र होते, कारण देवी तिथे बसायची. कागदावरच्या चित्रांत देवीचे ते बंधन नाही, म्हणून केंद्र सरकते किंवा नाहीसेच होते. मासेमारीच्या चित्रात जाळ्याची बारीक वीण सबंध पृष्ठभाग व्यापते. तारपा नाचाच्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळत वळत बाहेर उलगडते. चौकोनाची बंद कड आणि या वळणाची उघडी शेपटी शेजारी ठेवून पाहावी. एकीत देवता आणून बसवायची आहे, दुसरीत नाचणारा आणखी एक जण येऊन जोडला जाऊ शकतो. हे फरक कोणी न सांगताही डोळ्यांना दिसतात. त्यांचे कारण मात्र संदर्भ कळल्यावर दिसते.

शिक्षक: म्हणजे शेवटी कागद आला म्हणून रूप बदललं, असंच ना? मग संदर्भच सगळं ठरवतो, असं म्हणा की.

अभ्यासक: नाही सर, आणि यासाठी एक चांगला ताळा आहे. भास्कर कुलकर्णींनीच त्याआधी, 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात, बिहारमधल्या मिथिलेत कागद नेला होता. तिथलं कोहबरही लग्नाचं, भिंतीवरचं आणि बायकांनी काढलेलं. माणूस तोच, कागद तसाच, विधीही जवळपासचा. पण मिथिलेत सीतादेवी, गंगादेवी अशा बायका पुढं आल्या, आणि इथं प्रथम नाव झालं ते पुरुषाचं. तिथं रंग आणि भरलेली रेषा वाढली, इथं पांढरा एकच रंग राहिला आणि हालचाल वाढली. सारख्या कारणातून दोन निराळ्या गोष्टी निघाल्या, म्हणजे कारणापलीकडे काहीतरी होतं: त्या त्या परंपरेचं रूप, आणि काढणाऱ्या माणसाचा हात.

या उत्तरात शिक्षकांच्या दहा चौकांच्या प्रश्नाचा धागा आहे. संदर्भ शक्यता उघडतो आणि काही शक्यता बंद करतो. उघडलेल्यांतून निवड हात करतो. ही निवड रूपाच्या विश्लेषणानेच दिसते, दुसऱ्या कशाने नाही. म्हणून गुणवत्तेचा प्रश्न संदर्भाच्या हवाली करता येत नाही, हा शिक्षकांचा आग्रह शेवटपर्यंत टिकतो. त्याच वेळी ही निवड ‘निवड’ आहे हे कळायला त्या हातापुढे कोणते पर्याय होते ते माहीत असावे लागते. लग्नातल्या चौकात केंद्र नसलेली रचना करणे हा पर्याय सवासिनीपुढे नव्हता. म्हणून तिच्या केंद्राला धाडस किंवा रूढीप्रियता म्हणता येणार नाही. कडांच्या ओळींत कुठे दाटी करायची, झाड कुठे वळवायचे, आकृतीचा कल किती ठेवायचा, हे मात्र तिच्या हातात होते. तिचे कौतुक करायचे तर तिथे करायला हवे.

संदर्भ सोडून केवळ रूपे शेजारी ठेवली की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात जगभरच्या कलाकारांबरोबर मशे यांची चित्रे होती. या प्रदर्शनाने पाश्चात्त्य आणि इतर यांच्यातली भिंत पाडली असे काहींनी म्हटले. वस्तू त्यांच्या जगण्यातून उपटून मांडल्या, अशी टीकाही त्यावर झाली. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथे मशे आणि ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांची कामे समोरासमोर मांडण्यात आली. लाँग चालत जाऊन, दगडमातीने, वर्तुळे आणि रेषा घडवतात. दोघांत माती आहे, वर्तुळ आहे, साधेपणा आहे. डोळ्यांना तो मेळ सुखावतो आणि तो आनंद खोटा नाही. पण लाँग यांचे वर्तुळ एकट्या चालणाऱ्याचे आहे आणि तारप्याचे वळण हातात हात गुंफलेल्या समूहाचे. शेजारी ठेवल्याने हा फरक उलट अधिक ठळक दिसू शकतो, पाहणाऱ्याने विचारले तर. तुलना रूपातून सुरू व्हावी आणि संदर्भातून जाऊन पुन्हा रूपातल्या फरकापाशी यावी. साम्यापाशी थांबलेली तुलना अर्धी राहते.

आता एक मोठा आक्षेप उरतो, तो दोघांवरही आहे. वारली नसलेल्या शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी वारली चित्राचा अर्थ लावावाच का? ज्यांची कला त्यांनीच सांगावे. या आक्षेपात मोठे सत्य आहे, कारण आजवर पुष्कळदा त्यांना न विचारता सांगितले गेले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा निदान कायद्याने हे मान्य झाले की हे रूप कोणाचे तरी आहे, बेवारशी नाही. पण मानांकन नावाचे आणि उगमाचे रक्षण करते, अर्थाचे करू शकत नाही; कपावर छापलेली अस्सल नक्षीसुद्धा न पाहता वापरली जाऊ शकते. आणि आतल्या माणसाचा शब्द सर्वांत आधी ऐकावा हे मान्य करूनही, तो एकच नसतो. चौक काढणारी सवासिनी, गाणारी धवलेरी आणि कागदावर काढून विकणारा तरुण एकाच आकृतीबद्दल निरनिराळे सांगू शकतात, आणि तिघेही आतलेच. तेव्हा त्यांच्या बोलण्यालाही परतफेरीचा नियम लागू होतो: ते चित्रात काय दाखवते? बाहेरच्या माणसाला गप्प बसण्याची गरज नाही. त्याला गरज आहे ती आपले म्हणणे चित्रावर आणि काढणाऱ्यांच्या शब्दांवर तपासून घेण्याची, आणि चुकले तर मागे घेण्याची.

दुसरा आक्षेप रसिकांचा: एवढी चिरफाड केली की आनंद उरतो का? उत्तरादाखल गंजाडचेच राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांचे 2013 पासूनचे काम पाहावे. गिल यांनी तिथल्या भूमीची कृष्णधवल छायाचित्रे घेतली आणि वांगड यांनी त्यांच्यावर बारीक रेघांनी चित्रे काढली. छायाचित्रात आज कॅमेऱ्याला दिसणारी जागा आहे, रेषेत त्या जागेच्या गोष्टी आणि आठवणी. पाहणाऱ्याचा डोळा एका थरावरून दुसऱ्यावर जातो आणि परत येतो, आणि त्या येण्याजाण्यातच चित्र उलगडते. इथे विश्लेषण आणि आनंद वेगळे काढताच येत नाहीत.

शिक्षक: तरी माझा एक हट्ट राहील. वर्गात मुलांना मी आधी चित्र देईन, नाव आणि माहिती नंतर. पाच मिनिटं नुसतं पाहायचं, आणि जे दिसलं तेच सांगायचं.

अभ्यासक: द्या सर. फक्त नंतरच्या तासाला चित्र फळ्यावरून काढून ठेवू नका. माझं बोलणं संपल्यावर ते पुन्हा पाहायचं आहे.

दोघांचे मत एक झालेले नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. शिक्षक रूपापासून निघतील, अभ्यासक संदर्भापासून; दोघांना एकाच भिंतीपाशी परत यावे लागेल, एवढेच ठरले. ते का आवश्यक आहे याचे सर्वांत भक्कम कारण मला चौक काढणाऱ्या बायकांमध्ये दिसते. त्यांची नावे बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. त्यांना पुरस्कार मिळाले नाहीत, त्यांच्या मुलाखती नाहीत, आणि त्यांची बहुतेक चित्रे पुढच्या लिंपणाखाली गेली. जे थोडे उरले आहे, छायाचित्रांत किंवा अजून निघणाऱ्या चौकांत, त्यात त्यांच्या विचाराचा एकमेव दस्तऐवज म्हणजे रेषा: इथे दाट केलेली ओळ, तिथे मुद्दाम वाकवलेले झाड. ती रेषा वाचायला डोळा हवा, आणि ती कोणत्या घरात, कोणत्या ओझ्याखाली, कोणती मागणी घेऊन काढली गेली हे कळायला इतिहास हवा. दोन्हींपैकी एक जरी सोडले, तरी त्या बाईने स्वतः ठरवून केलेली गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. नरपडच्या रस्त्यावर कुंपणावरच्या दोन त्रिकोणांच्या माणसापुढे थांबणाऱ्याने निदान हे लक्षात ठेवावे, की या कलाला एक पहिला हात होता, आणि त्याने तो कल निवडला होता.